शेतकऱ्यांचा ‘ऱ’

बीड जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीची माणसे कारखान्यांकडे निघतात, आणि त्यांच्या याद्या करण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले. पूर्वी यादी वहीत असे; आता ती संगणकात असते. तेव्हापासून ‘ऱ’ या एका अक्षराकडे आम्हांला निराळ्या नजरेने पाहावे लागले.

संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही. तो आकडे तेवढे जाणतो. मस्टरवर जसा प्रत्येक कामगाराला नंबर, तसा तेथे प्रत्येक अक्षराला नंबर. १९९१ पासून युनिकोड नावाची जागतिक संहिता हे नंबर ठरवीत आली आहे. तीत ‘य’ २३५१, ‘र’ २३५२, ‘ऱ’ २३५३ आणि पाय मोडण्याचे चिन्ह २३८१. आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या आमच्या बालाघाटच्या डोंगरात हव्या तेवढ्या. दर्या लिहिताना २३५२, २३८१, २३५१ असा क्रम लागतो, दऱ्या लिहिताना २३५३ ने आरंभ होतो. येथवर सारे सरळ आहे.

मूळात २३५३ ची जागा द्राविडी भाषांतला कठोर ‘र’ नागरीत लिहिण्यासाठी होती. त्याच अक्षराचा पाय मोडला की मराठीचा हा आडवा ‘र’ उमटावा, असे ठरले. पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीची रीत निराळी होती : साधा ‘र’, मोडलेला पाय आणि त्यामागे ८२०५ नंबरचे, डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. जुन्या मजकुराची गैरसोय होऊ नये म्हणून तीही रीत ग्राह्य राहिली. म्हणजे कागदावर आकार एक, यंत्रात नंबरांच्या ओळी दोन!

अमेरिकेतील चेरोकी लोकांची गत याच्या उलट. सिक्वोया या गृहस्थाने १८२१ च्या सुमारास सिद्ध केलेली त्यांची लिपी १९९९ मध्ये युनिकोडमध्ये आली. परंतु वापरातून गेलेले एक अक्षर बाहेरच राहिले आणि त्याला २०१५ साली जागा मिळाली. त्यांच्या अक्षराला जागाच नव्हती, आमच्या अक्षराला दोन झाल्या.

यात बिघडते काय? ‘गोऱ्हे’ हे आडनाव यादीत एका रीतीने लिहिले आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या रीतीने टंकले, तर साधा शोध घेणारे यंत्र ‘नाव नाही’ म्हणून मोकळे होते. खिडकीपलीकडचा कारकून यंत्रावर विश्वास ठेवतो. माणूस समोर उभा असतो. आणि मराठीची गंमत पाहा : ‘शेतकरी आला’, ‘कामकरी गेला’ म्हणताना हे अक्षर लागतच नाही. शेतकऱ्याला काही द्यायचे किंवा कामकऱ्याचे काही घ्यायचे म्हटले की ते हजर!

काही यंत्रे शोधताना अदृश्य चिन्ह सोडून देतात. हा उपाय नव्हे. त्याने दऱ्यांचा दर्या होतो आणि नको ती नावे एकत्र येतात. जुन्या यादीतून ते चिन्ह नुसते खोडणेही तितकेच घातक. साधा ‘र’, मोडलेला पाय आणि जोडचिन्ह हे त्रिकूट जेथे असेल तेथे ‘ऱ’ आणि मोडलेला पाय बसवावा. नव्याने टंकताना तर अडचणच नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ऱ’ मिळतो. आमच्या याद्या आम्ही आता याच एका रीतीने ठेवतो, आणि यादी दुसरीकडून आली की आधी तिच्यातला ‘ऱ’ तपासतो.