वर्दी कुत्र्याची, निवाडा धन्याचा

पुण्याच्या पेठांत असो वा एखाद्या तालुक्याच्या गावातील नव्या वसाहतीत असो, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी दिसली की येणाऱ्याचा हात कडीवरून आपोआप मागे सरतो. आणि ही युक्ती कोणा सदाशिवपेठी गृहस्थाला सुचली असावी असे ज्यांना वाटत असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरातील एका घराच्या प्रवेशद्वाराशी साखळीने बांधलेल्या काळ्या कुत्र्याचे खड्यांचे चित्र आणि त्याखाली लॅटिन भाषेत हीच ताकीद आजही पाहावयास मिळते. पाटी बदलली नाही, तशी पाटीमागील समजूतही फारशी बदललेली नाही. घरचा कुत्रा म्हणजे विनावेतन नेमलेला शिपाई, चोर आणि सोयरा यांतील भेद त्याला उपजतच कळतो, आणि त्याचे भुंकणे म्हणजे धन्याच्या मालमत्तेसाठी उपसलेली तलवार, असे आपण धरून चालतो. या समजुतीतून शौर्याचा भाग वजा केला असता जे उरते ते दिसावयास साधे, पण माझ्या मते अधिक उपयोगाचे आहे: कुत्रा वर्दी देतो, निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे, आणि ते त्याच्यावर सोपविणे धोक्याचे आहे.

भुंकणे हा रानटी स्वभावाचा अवशेष होय असे पुष्कळांना वाटते. परंतु कुत्र्याचा पूर्वज जो लांडगा, तो प्रौढपणी क्वचितच भुंकतो, आणि भुंकला तर बहुधा आपल्या हद्दीत काही संशयास्पद हालचाल जाणवल्यामुळे. हा एवढासा इशारा माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिलेल्या कुत्र्याने इतक्या प्रसंगांना लावला की त्याचे सूर आपल्यालाही कळू लागले. बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांद विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मुदी या हंगेरियन मेंढपाळी जातीच्या कुत्र्यांचे मुद्रित केलेले भुंकणे लोकांना ऐकविले, तेव्हा परका दारी आला असतानाचे, एकटे बांधून ठेवले असतानाचे आणि खेळाच्या भरातले भुंकणे, ज्यांनी जन्मात कुत्रा पाळला नव्हता अशा श्रोत्यांनाही निव्वळ अटकळीहून अधिक वेळा ओळखता आले. खर्जातले, खरखरीत आणि एकापाठोपाठ येणारे भुंकणे ऐकणाऱ्यांना रागाचे वाटले. उंच पट्टीतले, मधे अंतर ठेवून येणारे भुंकणे भयाचे किंवा व्याकुळतेचे वाटले. तेव्हा ‘आमचा कुत्रा उगीच भुंकतो’ ही तक्रार करणाऱ्याने प्रथम कान द्यावा. शिवाय कुत्र्याला माणसाच्या श्रवणशक्तीच्या दुपटीहून अधिक उंच कंपनसंख्येचे आवाज ऐकू येतात; आपल्या लेखी जे ‘उगीच’ असते, त्याच्या लेखी ते जिन्यातले काही तरी असू शकते.

आता शौर्याविषयी. फाटकावर तुटून पडल्यासारखा भुंकणारा कुत्रा पुष्कळदा धीट नसून भेदरलेला असतो. दोन पावले पुढे आणि तीन मागे अशी त्याची चाल, मागे वळलेले कान आणि अंगाखाली ओढलेले शेपूट पाहिले तर त्याचा खरा अर्ज कळतो, तो म्हणजे ‘तू येथून जा’. टपालवाल्याचेच पाहा. तो येतो, कुत्रा भुंकतो, टपालवाला पत्र टाकून निघून जातो. तो जाणारच होता, हे आपल्याला ठाऊक असते. कुत्र्याच्या हिशेबी मात्र भुंकल्यामुळेच संकट टळले, आणि हा विजय त्याला वर्षाचे तीनशे दिवस मिळत राहिल्यावर त्याची ही सवय मोडावी कशी? येथे स्वामिनिष्ठेचे पोवाडे गाण्याऐवजी शिक्षणाचा साधा नियम आठवावा: ज्या कृतीने नकोसे दूर होते ती कृती बळावते. अशा वेळी धनी आतून ओरडू लागला तर कुत्र्याला बहुधा आपल्या साथीला आणखी एक भुंकणारा आला असेच वाटत असावे.

‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ या म्हणीने मात्र जितके नुकसान केले आहे तितके क्वचितच एखाद्या म्हणीने केले असेल. भुंकणे व गुरगुरणे हा चावा टाळण्यासाठी दिलेला इशारा होय. तो मानला तर प्रकरण मिटते, न मानता कोणी हात पुढे केला किंवा कुत्र्याला कोपऱ्यात अडविले तर तोच कुत्रा चावतो. याहून घातक प्रकार म्हणजे गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला चोपणे. त्याने त्याची भीती जात नाही, केवळ गुरगुरणे जाते. आणि मग एक दिवस तो ‘काहीही सूचना न देता’ चावला अशी फिर्याद ज्याने ती सूचना बंद पाडली तोच करतो. हलणारे शेपूट हीदेखील सलोख्याची निःसंशय सनद नव्हे. २००७ साली इटलीतील संशोधकांनी तीस कुत्र्यांचे निरीक्षण केले असता, धनी दिसताच शेपटाचा झोक उजवीकडे अधिक, तर दांडगा अनोळखी कुत्रा दिसताच डावीकडे अधिक जात असल्याचे आढळले.

कुत्रा दिवसभर साखळीला बांधला की रात्री तिखट होतो, हा गावोगावचा जुना बंदोबस्त. तिखट होतो हे खरे; पण कोणासाठी? अमेरिकेतील डेन्व्हर शहरात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना करणाऱ्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चावणाऱ्यांमध्ये अंगणात साखळीने बांधलेल्यांचे प्रमाण अधिक निघाले. ज्याला पळून जाण्याची वाट नाही त्याला भयाचे उत्तर दातांनीच द्यावे लागते, आणि त्या दातांच्या टप्प्यात चोरापेक्षा घरातले किंवा शेजारचे मूल येण्याचा संभव कितीतरी अधिक. खंडोबाच्या आणि दत्तात्रेयाच्या सान्निध्यात कुत्र्याला स्थान देणाऱ्या आपल्या समाजाने त्याला दोन हात साखळीवर जन्म काढावयास लावावा, हे मला कधीच उमगलेले नाही. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणे हा अपराध ठरविला आहेच, शिवाय नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्यात कसूर करणे हाही. आणि भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये, आपल्या ताब्यातील जनावरापासून इतरांना इजा होऊ नये यासाठी पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

संकटात कुत्रा आपल्याला वाचवील काय, या प्रश्नाचे उत्तर कथांवर सोपवू नये. २००६ साली कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठाच्या प्रयोगात धन्यांनी हृदयविकाराचा झटका आल्याचे आणि पुस्तकांचे कपाट अंगावर कोसळल्याचे सोंग केले. परक्या माणसाकडे धाव घेऊन मदत मागणारा एकही कुत्रा निघाला नाही. उलट, २०२० च्या ॲरिझोनातील प्रयोगात पेटीत अडकून ओरडणाऱ्या धन्याला साठांपैकी वीस कुत्र्यांनी सोडविले, आणि हे थोडे वाटत असेल तर त्याच पेटीतील खाऊ केवळ एकोणीस जणांनाच काढता आला होता, हेही पाहावे. इच्छा असते, काय घडले आणि काय करावे हे कळतेच असे नाही.

जातीविषयी थोडक्यात. मुधोळचा चपळ कुत्रा सशामागे धावण्यासाठी जोपासला गेला, पहाऱ्यासाठी नव्हे. आणि धनगरांच्या वाड्यावरील कुत्रा लांडग्याला अडवितो तो पिलूपणापासून मेंढरांत वाढल्यामुळे. पिलाच्या आयुष्याचा साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ निर्णायक असतो. त्या मुदतीत पाहुणे, मुले, छत्रीवाला, दूधवाला यांच्यापासून ‘राखणदार बिघडू नये’ म्हणून पिलाला दूर ठेवणारा मनुष्य राखणदार घडवीत नाही, सर्वांनाच घाबरणारा प्राणी घडवितो. कच्चे मांस घातल्याने कुत्रा तिखट होतो, ही समजूत तर खोडण्याइतकीही भारदस्त नाही.

वर्दी आली की ती घेणाऱ्याने जागेवरून उठावे, दाराशी जावे, कोण आहे ते पाहावे, शांत आवाजात ‘पुरे’ म्हणावे, आणि कुत्रा गप्प बसताच त्याच्यापुढे तुकडा टाकावा; हे रोज, न कंटाळता. फाटकावरील पाटीही बदलावी, अशी माझी सूचना आहे: ‘कुत्रा आपण आल्याची वर्दी देईल. मालक येईपर्यंत फाटकाबाहेर थांबावे.’