पोष ग्रंथीची अर्बुदे, गर्भावस्थेतील

गरोदर स्त्रीच्या पोष ग्रंथीत आधीपासून असलेली किंवा त्या काळात प्रथमच लक्षात येणारी अर्बुदे (पेशींच्या अनियंत्रित वाढीमुळे झालेल्या गाठी). ती बहुधा सौम्य असून शरीरात अन्यत्र पसरत नाहीत. त्यांचे महत्त्व मुख्यतः स्थानामुळे आहे. सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची ही ग्रंथी कवटीच्या तळाशी, खोगिरासारख्या आकाराच्या अस्थिमय खळगीत असते. या खळगीच्या वरच्या बाजूस दोन्ही डोळ्यांच्या दृक्‌ तंत्रिका (मज्जा) एकमेकींस छेदतात. हाड सहजासहजी रुंदावत नसल्याने वाढणारी गाठ बहुधा वर सरकते व या छेदावर दाब देते.

निरोगी गर्भवतीतही पोष ग्रंथी मोठी होते, हे एर्टहाइम व श्टुमे यांनी १९०९ मध्ये दाखविले. वारेतून निर्माण होणाऱ्या स्त्रीमदजनाच्या (एस्ट्रोजेनाच्या) प्रभावाने दुग्धस्रावक हॉर्मोन (प्रोलॅक्टिन) तयार करणाऱ्या पेशी वाढतात आणि दिवस भरेपर्यंत रक्तातील या हॉर्मोनाचे प्रमाण सुमारे दहापट होते. नेमक्या याच पेशींची अर्बुदे तरुण स्त्रियांत सर्वाधिक आढळतात. म्हणजे एकाच खळगीत नैसर्गिक वाढ व गाठ अशा दोहोंना जागा करून द्यावी लागते.

या अर्बुदांमुळे अंडमोचन थांबते, ऋतुस्राव बंद होतो व वंध्यत्व येते. त्यामुळे पूर्वी अशा स्त्रियांना क्वचितच दिवस जात आणि हा प्रश्न फारसा उद्‌भवत नसे. १९७० नंतरच्या दशकात ब्रोमोक्रिप्टीन व पुढे कॅबर्गोलीन ही डोपामिनासारखे कार्य करणारी औषधे उपलब्ध झाली. त्यांनी हॉर्मोनाची पातळी उतरते, गाठ आक्रसते व गर्भधारणा शक्य होते. प्रश्न काही अंशी उपचारांच्या यशातूनच निर्माण झाला, असे म्हणता येईल.

गाठ १० मिमी.पेक्षा लहान असल्यास गरोदरपणात तिच्या वाढीची लक्षणे शंभरांपैकी सु. २ ते ३ स्त्रियांतच दिसतात. पूर्वी शस्त्रक्रिया वा किरणोपचार न झालेल्या मोठ्या गाठींत हे प्रमाण २० किंवा अधिक असते. म्हणून मोठी गाठ असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच औषधाने ती पुरेशी लहान करून घेणे, प्रसंगी शस्त्रक्रिया करून घेणे, श्रेयस्कर ठरते. डोकेदुखी हे लक्षण गरोदरपणात इतके सामान्य आहे की, त्यावरून निष्कर्ष काढणे अवघड असते. दृष्टिदोष मात्र सूचक असतो : दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा बाहेरील अर्धा भाग दिसेनासा होतो. झापडे लावलेल्या घोड्याप्रमाणे समोरचे दिसते, पण बाजूचे दिसत नाही, आणि स्त्री दाराच्या चौकटीस वा शेजारून जाणाऱ्यास अडखळू लागते. गाठीत अचानक रक्तस्राव झाल्यास तीव्र डोकेदुखी, वांत्या व दृष्टिनाश होतो. ही लक्षणे गरोदरपणातील रक्तदाबवाढीची समजली जाण्याचा संभव असतो आणि त्यात गेलेला वेळ घातक ठरू शकतो.

रक्तातील दुग्धस्रावक हॉर्मोनाचे मापन या काळात निरुपयोगी असते, कारण ते निरोगी स्त्रीतही वाढलेले असते. त्याऐवजी लक्षणांची चौकशी करतात व मोठ्या गाठीत दर तीन महिन्यांनी दृष्टिक्षेत्र तपासतात. गरज पडल्यास चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमाचित्रण करतात. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य मात्र टाळतात. लहान गाठीत गर्भधारणा निश्चित होताच औषध थांबविण्याचा प्रघात आहे, तर मोठ्या गाठीत ते कधीकधी चालू ठेवावे लागते. ब्रोमोक्रिप्टीन घेत असताना गर्भधारणा झालेल्या हजारो स्त्रियांच्या निरीक्षणांत जन्मजात विकृतींचे प्रमाण वाढल्याचे आढळलेले नाही. औषधाने भागले नाही, तर नाकावाटे शस्त्रक्रिया करतात. त्यासाठी चौथा ते सहावा महिना सोयीचा मानतात.

वृद्धी हॉर्मोन निर्माण करणारी अर्बुदे गरोदरपणात विरळा आढळतात. अधिवृक्क ग्रंथीस उद्दीपित करणारी त्याहून विरळा, पण अधिक धोक्याची असतात : त्यांत रक्तदाबवाढ, मधुमेह व अकाली प्रसूती संभवते.

अंगावर पाजल्याने गाठ वाढते, असे आढळलेले नाही. औषधाने मात्र दूध बंद होते. म्हणून पाजू इच्छिणाऱ्या स्त्रीत, दृष्टी ठीक असल्यास, ते लांबणीवर टाकतात. काही स्त्रियांत प्रसूतीनंतर गाठ लहान झालेली आढळते व औषधाविना ऋतुस्राव सुरू होतो. त्यामुळे औषध पुन्हा देण्यापूर्वी नव्याने तपासणी करणे इष्ट असते.