समुद्रातली शिल्लक

भात आणि मासळी हे ज्यांचे रोजचे जेवण, त्यांना सेनेगल हा देश फारसा परका वाटू नये. पश्चिम आफ्रिकेच्या टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी वसलेल्या या देशाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे 'चेबु जेन'. मासळीच्या रश्शातच शिजवलेला तांदूळ, त्यावर भाज्या आणि माशाचे तुकडे. एका मोठ्या थाळ्याभोवती सारे घर बसते आणि जेवते. २०२१ साली युनेस्कोने या पदार्थाची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. मात्र ही नोंद होईपर्यंत थाळ्यातला मासा बदलून गेला होता. पूर्वी या भातावर 'थियोफ' हा आपल्या हेकरूच्या जातीचा मासा असे. तो आता सामान्य घराच्या आवाक्याबाहेर गेला. त्याच्या जागी तारलीच्या जातीचा स्वस्त मासा आला. आणि आता तोही महागला.

एवढा मोठा समुद्र दाराशी असताना असे का व्हावे? कारणे बरीच आहेत. समुद्राचे पाणी तापते आहे, होड्याही वाढल्या आहेत. पण एक कारण समुद्रात नसून कागदावर आहे. एका देशाच्या समुद्रात दुसऱ्या देशाच्या जहाजांनी मासे धरावेत, यासाठी झालेले करार हे ते कारण.

या करारांचे मूळ १९८२ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारात आहे. हा करार १९९४ साली अमलात आला. त्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या माशांवर त्या त्या देशाचा हक्क मान्य केला. नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशांचा हा मोठाच विजय होता. मात्र त्याच कराराच्या ६२व्या कलमात एक मेख आहे. किती मासे धरणे सुरक्षित आहे हे किनाऱ्याच्या देशाने ठरवावे, आणि तेवढे सारे धरण्याची त्याची स्वतःची ताकद नसेल तर उरलेली शिल्लक इतरांना धरू द्यावी, असे हे कलम सांगते.

'शिल्लक' हा शब्द आला की बँकेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाचे कान टवकारतात. आमच्याकडे शिल्लक म्हणजे लेजरमधला आकडा. संध्याकाळी तो जुळला नाही तर कोणी घरी जात नसे. समुद्राला असे लेजर नाही. मासे मोजायचे तर संशोधन जहाज हवे, शास्त्रज्ञ हवेत, वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात. गरीब देशाकडे यातले थोडेच असते. मासे घ्यायला येणाऱ्याकडे पुष्कळ असते. म्हणजे माल विकत घेणाराच वजनकाटा घेऊन येतो. शिवाय भाव ठरवताना समोर बसलेला मंत्री अडचणीत असतो, त्याला परकीय चलन हवे असते. अशा सौद्यात काय होते, हे सावकारी पाहिलेल्या आपल्या मुलखाला समजावून सांगायला नको.

सेनेगलने युरोपशी पहिला मासेमारी करार १९७९ साली केला. तेव्हापासून करार होत गेले, संपत गेले, पुन्हा होत गेले. शेवटचा करारनामा २०१९ ते २०२४ या पाच वर्षांचा. त्यात वर्षाला १०,००० टन ट्यूना, म्हणजे आपला कुपा, आणि १,७५० टन हेक या माशांचा हिशेब धरला होता. त्यापोटी युरोपीय संघ सेनेगलला वर्षाकाठी १७ लाख युरो देणार होता. जहाजमालकांची फी धरली तर रक्कम ३० लाख युरोंच्या घरात जाते. १७ लाख युरो म्हणजे आपले पंधराएक कोटी रुपये. दक्षिण मुंबईतल्या एखाद्या बड्या फ्लॅटची किंमत मोजून वर्षभर एका देशाच्या समुद्रात जाळी टाकायची मुभा मिळते, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

पण खलनायक एकच, असे मानले की गोष्ट सोपी होते आणि खोटीही होते. युरोपचे करार निदान छापले जातात, कोणालाही वाचता येतात. २००६ ते २०१४ या काळात सेनेगलचा युरोपशी चालू करारनामा नव्हता, तरी मासे घटतच राहिले. कारण दुसरी दारे उघडी होती. परवाने देऊन परदेशी जहाजे आणली गेली. ती इतकी डोळ्यांवर आली की २०१२ साली नव्या सरकारला अशा २९ जहाजांचे परवाने रद्द करावे लागले. त्याहून मोठे दार भागीदारीचे. कागदोपत्री स्थानिक भागीदार दाखवायचा, जहाजावर सेनेगलचा झेंडा लावायचा, म्हणजे ते 'देशी' झाले. नफा जातो परदेशात आणि नोंद होते स्थानिक मासेमारीची. बँकेच्या भाषेत याला बेनामी खाते म्हणतात.

या सगळ्यात कोणाचे पोट जळते? सेनेगलमध्ये मासेमारीवर सुमारे सहा लाख लोक अवलंबून आहेत. लाकडाच्या लांब, रंगवलेल्या होड्यांना तिथे 'पिरोग' म्हणतात. पिरोग घेऊन पुरुष समुद्रात जातात. किनाऱ्यावर म्बूर, जोआल, कायार अशा गावांत बायका मासळी खारवतात, धुरावर धरतात, सुकवतात आणि आतल्या मुलखात विकायला पाठवतात. वर्सोव्याला किंवा अर्नाळ्याला बोंबील वाळताना पाहिलेल्या माणसाला हे चित्र सांगावे लागणार नाही. या बायकांच्या हाताला मिळणारी तारली गेल्या दहा-पंधरा वर्षांत दुसरीकडे वळली. मॉरिटेनिया, सेनेगल आणि गाम्बियाच्या किनाऱ्यांवर मासळीची पूड करणारे कारखाने उभे राहिले. एक किलो पूड करायला चार ते पाच किलो ताजी मासळी लागते. ही पूड जाते युरोप-आशियातल्या मत्स्यशेतीत, तिथल्या माशांना खाद्य म्हणून. गरिबाच्या ताटातला मासा श्रीमंताच्या ताटातल्या माशाला घातला जातो, असा हा व्यवहार आहे.

आणि समुद्रात काही मिळेना, तेव्हा त्याच पिरोग माणसे घेऊन निघाल्या. स्पेनची कॅनरी बेटे सेनेगलपासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर. २००६ साली पश्चिम आफ्रिकेतून तिथे ३० हजारांवर माणसे उतरली. २०२४ साली हा आकडा ४६ हजारांवर गेला. त्यातले सारेच मच्छीमार नव्हते, सारे सेनेगलचेही नव्हते. पण होडी आणि ती हाकणारा नाखवा बहुधा कोळीवाड्यातलाच. किती होड्या पोहोचल्याच नाहीत, याची मोजदाद समुद्रच जाणे.

मग करार मोडूनच टाकावेत का? १७ नोव्हेंबर २०२४ रोजी सेनेगलचा करारनामा संपला, नवा झाला नाही आणि युरोपची जहाजे बाहेर पडली. त्याआधी मे महिन्यात युरोपने बेकायदा मासेमारीवर पुरेसा वचक नसल्याचा ठपका सेनेगलवर ठेवला होता. त्याच महिन्यात नव्या सरकारने परवानाधारक जहाजांची यादी जाहीर केली होती. मला करार संपण्यापेक्षा ही यादी अधिक मोलाची वाटते. कर्जदारांची यादी कपाटात बंद असते तोवर बुडीत कर्ज कोणाचे, हे कळत नाही. कागद उघड्यावर आला की निम्मी चोरी आपोआप लाजते.

करार सुधारता येतात, याचे दाखले आहेत. सेनेगलचा शेजारी मॉरिटेनिया. त्याने २०१२ साली युरोपशी नवा करारनामा करताना दोन अटी घातल्या. ऑक्टोपस फक्त आमच्या लोकांसाठी, आणि तारली-बांगडा धरणाऱ्या महाकाय जहाजांनी किनाऱ्यापासून २० सागरी मैलांच्या बाहेर राहायचे. युरोपचे जहाजमालक नाराज झाले, पण करार झाला. २०२१च्या कराराप्रमाणे मॉरिटेनियाला वर्षाला ५ कोटी ७५ लाख युरो मिळतात. पूड-कारखान्यांचा प्रश्न तिथे सुटलेला नाही, हे खरे; पण घट्ट बसले तर अटी घालता येतात, एवढे सिद्ध झाले.

दुसरा दाखला पॅसिफिक महासागरातला. किरिबाती, तुवालू, नाउरू, मार्शल बेटे हे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी वस्ती असलेले देश. त्यांच्या समुद्रात कुपा मात्र अमाप. पूर्वी एकेकटा देश जहाजवाल्यांशी बोलणी करी. एकाने भाव वाढवला की जहाजे शेजाऱ्याकडे जात. पदरात पडे ती मालाच्या किमतीच्या जेमतेम पाच-सहा टक्के रक्कम. पापुआ न्यू गिनीसह अशा आठ देशांची मोट १९८२च्या नाउरू कराराने बांधली गेली होती. त्यांनी २००७ पासून मासे विकायचे सोडून दिवस विकायला सुरुवात केली. वर्षात आमच्या समुद्रात एकूण इतकेच जहाज-दिवस, प्रत्येक दिवसाला किमान अमुक भाव. २०१५ साली हा भाव दिवसाला ८,००० डॉलर झाला. २०१० साली ६ कोटी डॉलरच्या आसपास असलेले त्यांचे उत्पन्न पुढे ५० कोटींच्या घरात गेले. एकीचे बळ म्हणतात ते हेच. आपल्याकडच्या दूध-उत्पादकाला आणि ऊसकऱ्याला हे सहकाराचे गणित नवे नाही.

पश्चिम आफ्रिकेत हे का होऊ नये? तारलीचे थवे मोरोक्कोपासून सेनेगलच्या खालपर्यंत फिरतात. त्यांना सरहद्द ठाऊक नाही. एका देशाने जाळी आवरली आणि शेजाऱ्याने मोकळी सोडली तर उपयोग शून्य. तिथल्या सात देशांचा १९८५ पासूनचा मासेमारी आयोग डाकारमध्ये आहे. त्याच आयोगाने विचारलेल्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने २०१५ साली मत दिले, की जहाज ज्या देशाचा झेंडा लावते त्या देशाने ते बेकायदा मासेमारी करणार नाही यासाठी पुरेशी दक्षता घेतलीच पाहिजे. कायद्याचे हत्यार आहे. एकत्र उचलणारे हात हवेत.

दूरदेशीची ही जहाजे इतक्या लांब येतात ती निव्वळ धंद्याच्या हिशेबावर नव्हे. २०१८ साली जगभरच्या सरकारांनी मासेमारीला सुमारे ३५.४ अब्ज डॉलरचे अनुदान दिले, त्यातले २२.२ अब्ज डॉलर डिझेल, नवी जहाजे अशा, मासेमारीची ताकद वाढवणाऱ्या गोष्टींवर गेले. जागतिक व्यापार संघटनेत २०२२ साली झालेला अनुदानविषयक करार १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. त्याने बेकायदा मासेमारीला आणि आधीच उपसून झालेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला अनुदान देण्यावर बंदी घातली. मुख्य दुखणे, म्हणजे अनुदानावर फुगलेले तांडे, मात्र तेव्हा पुढच्या बोलण्यांवर ढकलले गेले. त्या बोलण्यांत भारताने विकसनशील देशांना २५ वर्षांची सवलत मागितली आणि दूरच्या समुद्रात जाणाऱ्या देशांनी तेवढीच वर्षे अनुदान बंद ठेवावे, असे सुचवले.

भारताला हे बोलण्याचा अधिकार आहे, कारण हे दुखणे आपण अंगावर काढलेले आहे. १९९१च्या धोरणाने परदेशी भागीदारीतल्या जहाजांना आपला खोल समुद्र खुला केला, तेव्हा फादर थॉमस कोचेरी यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने किनाऱ्या-किनाऱ्यावरचा मच्छीमार उठला. १९९४ साली देशभर बंद झाला. पी. मुरारी समिती नेमावी लागली. तिने १९९६ साली हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली, आणि ते धोरण मागे पडले. समुद्रावर जाणाऱ्याला विचारल्याशिवाय समुद्राचा सौदा करायचा नाही, हे त्या लढ्याने दिल्लीला ऐकवले.

सेनेगलचा मच्छीमार आज तेच मागतो आहे. कराराचा कागद सर्वांना वाचता यावा, बोलणी शेजाऱ्यांनी मिळून करावीत आणि त्या टेबलाशी पिरोगवाल्याला व मासळी सुकवणाऱ्या बाईला खुर्ची असावी. शिल्लक म्हणजे तरी काय? घरातल्यांची पाने वाढून झाल्यावर पातेल्यात उरते ती. पाने वाढण्याआधीच पातेले शेजारी पाठवायचे आणि त्याला आतिथ्य म्हणायचे, असा रिवाज कोणत्याच घरात नसतो. तो देशादेशांत असावा, याचे काही कारण दिसत नाही.