आवडीचे अकरा गडी

चेन्नई सेंट्रलहून तिरुवळ्ळूरकडे जाणारी लोकल तासाभराच्या आत आवडीला पोहोचते. राजकारणाच्या अभ्यासकाला हे नाव एकाच कारणाने पाठ असते. जानेवारी १९५५ मध्ये येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने ‘समाजवादी धर्तीची समाजरचना’ हे आपले उद्दिष्ट म्हणून जाहीर केले. अध्यक्ष होते उच्छंगराय ढेबर, तर मद्रासचे मुख्यमंत्री होते कामराज. त्या ठरावाच्या मागावर मी तेथे गेलो होतो. परतताना माझ्या वहीत मात्र ठरावापेक्षा क्रिकेटच अधिक उतरले होते.

रणगाडे बांधणाऱ्या येथील अवजड वाहन कारखान्यातून निवृत्त झालेल्या दोन सहकाऱ्यांकडे मला एका परिचिताने नेले होते. एक जण येथलेच, तमिळ. दुसरे पुण्याजवळच्या खडकीचे. ऐन तिशीत बदली होऊन आले आणि येथेच राहिले. (गावाचे नाव ऐकूनच आपण बदली स्वीकारली, असे ते सांगतात. मराठी माणसाने ‘आवडी’ला नाही कसे म्हणायचे?) गेली कित्येक वर्षे दर रविवारी हे दोघे ओसरीवर बसून जुन्या खेळाडूंचे संघ निवडतात. एक मद्रासचा, दुसरा महाराष्ट्राचा. नियम कडक आहेत. अजून मैदानात असलेला खेळाडू घ्यायचा नाही. प्रत्येक संघात एकही कसोटी सामना न खेळलेले किमान दोघे हवेत. मैदान आणि साल चिठ्ठी टाकून ठरवायचे, कारण खेळपट्टी ठाऊक नसताना संघ निवडणे म्हणजे नुसती नावांची यादी करणे.

दुसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्याच्यामुळे मद्रासच्या संघात ए. जी. राम सिंग यांची जागा कायम असते. हे अमृतसरचे शीख कुटुंब मद्रासचे झाले. नोव्हेंबर १९३४ मध्ये चेपॉकवर रणजी स्पर्धेचा पहिलावहिला सामना मद्रासने म्हैसूरविरुद्ध एका दिवसात संपवला. त्यात राम सिंग यांनी ३५ धावांत ११ बळी घेतले. कसोटी त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. ती आली कृपाल आणि मिल्खा या त्यांच्या मुलांच्या. कृपाल सिंग यांनी तर १९५५ मध्ये पहिल्याच कसोटीत शतक ठोकले. राम सिंग यांच्यासोबत वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार ही फिरकी जोडी. यावर वाद होत नाही.

वाद होतो तो महाराष्ट्रावरून. भाऊसाहेब निंबाळकर यांना वगळणे अशक्यच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात ते ४४३ धावांवर नाबाद असताना काठियावाडच्या संघाने पुढे खेळण्यासच नकार दिला आणि ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम वाचला. तेही कसोटी खेळले नाहीत. पण पद्माकर शिवलकर? तमिळ गृहस्थ स्वतःहून त्यांचे नाव पुढे करतात. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर शिवलकरांनी तमिळनाडूचे १३ गडी टिपले. पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना संपला. ज्याने आपल्याला असे लोळवले तो शेजाऱ्याच्या संघात असावा, हा मोठा दिलदारपणा झाला. खडकीकर मात्र ठाम: “मुंबई वेगळी.” १९६० मध्ये राज्य एक झाले, तरी रणजीत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ आजही स्वतंत्रच खेळतात. भाषावार प्रांतरचनेला न जुमानणाऱ्या संस्था या देशात फार नाहीत. क्रिकेट ही त्यांपैकी एक.

मग पळवणकर बाळू कसे चालतात, असे मी विचारले. धारवाडचा जन्म, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची राखण, आणि नाव झाले ते मुंबईच्या हिंदू संघाकडून. यावर खडकीकरांनी वही उघडून दाखवली. चिठ्ठीत कोणतेही मैदान येवो, बाळू आहेतच, आणि प्रत्येक वेळी कर्णधार तेच. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार समाजातील गोलंदाजाला हिंदू संघाने कर्णधारपद कधी दिले नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले. ज्यांनी कर्णधार म्हणून महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा रणजी करंडक मिळवून दिला, ते दि. ब. देवधर या वहीत साधे फलंदाज आहेत. “देवधर सर बाळूंच्या हाताखाली खेळतील,” खडकीकर म्हणाले, “मी विचारून घेतले आहे.” ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

आमचे बोलणे चालू असताना ओसरीच्या पायरीवर एक तरुण मोबाइल हातात घेऊन बसला होता. तमिळ गृहस्थांचा भाचा, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. तोही संघ निवडत असे, पण एका ॲपवर, पैसे लावून. तेथे राम सिंगांना जागा नव्हती. आज संध्याकाळी जो खेळणार नाही, तो त्या जगात जन्मलाच नाही. ४९ रुपयांपासून सुरुवात झाली आणि बहिणीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम दोन मोसमांत संपली. मामाला हे कळले ते कर्जवसुलीचा फोन आला तेव्हा.

हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपली न्यायालये अनेक वर्षे खल करीत होती. २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने कौल दिला: कौशल्याचा. त्या आधारावर उद्योग फोफावला, भारतीय संघाच्या जर्सीपर्यंत पोहोचला. ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी वसूल केला, म्हणजे खेळाडूच्या नुकसानीत सरकारही भागीदार झाले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अवघ्या दोन दिवसांत कायदा करून, कौशल्य असो वा नशीब, पैशांचे सारे ऑनलाइन खेळ बंद केले. जर्सीवरचे नाव गेले. त्यानंतरचा आशिया चषक भारताने कोऱ्या जर्सीत जिंकला.

माझ्या मते न्यायालयांनी प्रश्नच चुकीचा विचारला होता. कौशल्य या ओसरीवरच्या दोघांकडेही भरपूर आहे. पण लाखो लोकांनी पैसे एकत्र टाकायचे, चालकाने आपला हिस्सा आधी काढून घ्यायचा आणि उरलेल्यातून मूठभरांनी जिंकायचे, या रचनेत बहुतेकांचे हरणे ठरलेलेच असते. तुम्हाला गोलंदाजी किती कळते, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून बंदीला मी विरोध करणार नाही, एरवी नागरिकाच्या वतीने सरकारने निर्णय घेणे मला रुचत नसले तरी. माझा आक्षेप दुसरा आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे कायद्याने योग्यच केले. पण आधीच बुडालेल्याचे काय, याचे उत्तर त्यात नाही. ना कर्जाची तडजोड, ना व्यसनमुक्तीची सोय. ज्या जीएसटीने तिजोरी भरली, त्यातला काही भाग तरी या कामी बाजूला काढता आला असता. भाच्याने मला मोबाइल दाखवला. परदेशातून चालणाऱ्या एका नव्या ॲपचा दुवा त्याला आदल्याच रात्री आला होता. त्याने तो उघडला नव्हता. पुसलाही नव्हता.

मी निघण्यापूर्वी पाहुण्याचा मान म्हणून चिठ्ठी मला उचलायला सांगितली. निघाले ‘लाहोर, १९५५’. ढेबर येथे अध्यक्षीय भाषण करीत होते, त्याच महिन्यात विनू मंकड यांचा संघ पाकिस्तानच्या पहिल्या दौऱ्यावर होता. पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. पण लाहोरचा सामना पाहायला फाळणीनंतर प्रथमच हजारो भारतीय सीमा ओलांडून गेले. दोघे वह्या उघडून बसले. मद्रासला वेगवान गोलंदाज हवा होता आणि मामांनी एम. जे. गोपालन यांचे नाव लिहिले. रणजीतला पहिला चेंडू टाकणारे गोपालन हॉकीतही भारताकडून खेळले होते. १९३६ मध्ये त्यांच्यापुढे बर्लिनचे ऑलिम्पिक होते आणि इंग्लंडचा क्रिकेट दौराही. त्यांनी इंग्लंड निवडले. तेथे त्यांना एकही कसोटी मिळाली नाही, आणि बर्लिनमध्ये हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले.

पायरीवरच्या भाच्याने मोबाइलमधून प्रथमच मान वर केली.

“मग पुढे त्यांनी काय केले?” त्याने विचारले.

“पुढची बरीच वर्षे मद्रासकडून खेळत राहिले,” मामा म्हणाले, आणि त्याला बसण्यासाठी बाकावरची वही उचलली.