पेशीतला रफूवाला

पँट खिळ्याला अडकून फाटली की दोन मार्ग असतात. घाई असेल तर कडा ओढून चार टाके मारायचे. सवड असेल तर रफूवाल्याकडे द्यायची. तो त्याच पँटच्या आतल्या शिवणीतून धागा काढून वीण भरून देतो. आपल्या पेशीत हे दोन्ही कारागीर आहेत.

एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. त्याच्या दोन पट्ट्यांपैकी एक तुटली तर समोरची पाहून डागडुजी होते. घोर लागतो तो दोन्ही पट्ट्या एकाच जागी तुटल्यावर. क्ष-किरणांनी असे होते, आणि डीएनएची नक्कल होताना आपोआपही.

घाईचे टाके 'कू' हे प्रथिन घालू लागते. ते कडीसारखे तुटक्या टोकांवर चढते, मग इतर प्रथिने टोके जोडतात. सांध्यात अनेकदा डीएनएची दोन-चार अक्षरे गळतात, ती कायमचीच.

रफूला मात्र नमुना लागतो, म्हणून ते बहुतेक वेळा नक्कल झाल्यावरच होते. आधी टोके कुरतडून एकेरी केली जातात. त्या एकेरी पट्टीवर 'रॅड५१' नावाचे प्रथिन आणून बसवते बीआरसीए-२, हे ३,४१८ अमिनो आम्लांचे धिप्पाड प्रथिन. रॅड५१चे रेणू रांगेने बसतात, प्रत्येकाच्या वाट्याला तीन अक्षरे. त्यांच्या वेटोळ्यात पट्टी ताणून जवळपास दीडपट लांब होते आणि शेजारच्या जुळ्या प्रतीत शिरून आपली ओळ हुडकते. कोट्यवधी अक्षरांत, तेही चाचपडत! जागा सापडली की तिथले पाहून गळलेला मजकूर भरला जातो.

बीआरसीए-२चे जनुक १९९५ साली हाती लागले ते स्तनांच्या कर्करोगाने पछाडलेल्या कुटुंबांमुळे, म्हणून नावातही तो रोग चिकटला. लोक त्याला 'कॅन्सरचे जनुक' म्हणतात, हा त्याच्यावर अन्याय आहे. ते रफूवाल्याचे जनुक. तो कामावर नसला की पेशीला घाईच्या टाक्यांवर भागवावे लागते, चुका साठत जातात आणि कर्करोगाची वाट मोकळी होते. अशा गाठींची हीच उणीव हेरून दुरुस्तीची आणखी एक वाट अडवणारे ओलापॅरिब हे औषध अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाले.

घरात कोणाला कर्करोग होता का, असे डॉक्टरांनी विचारले की आपण आजी, आई, मावशी सांगून थांबतो. हे जनुक १३व्या गुणसूत्रावर असते; त्याची सदोष प्रत वडिलांकडूनही येऊ शकते. तेव्हा आत्याचेही सांगा.