मॅच कोणीही जिंको, दहा डॉलर ॲपचे!

मास्टर्ससाठी सिडनीला निघालाय? मार्च ते ऑक्टोबर तिथे रग्बी लीगची हवा असते. एनआरएलच्या मॅचेस सुरू झाल्या, की रूमवर बेटिंग ॲपच्या गप्पाही सुरू. अठरा पूर्ण असतील तर ते तिथे कायदेशीर आहे. म्हणूनच आधी हा हिशेब बघा.

समजा, ब्रॉन्कोज विरुद्ध पँथर्स. पँथर्स ७ किंवा जास्त गुणांनी जिंकतील का? ‘हो’ आणि ‘नाही’, दोन्हींचा भाव १.९०. तुम्ही ‘हो’वर १०० डॉलर लावले, रूममेटने ‘नाही’वर १००. ॲपकडे २०० जमले, जिंकणाऱ्याला मिळाले १९०. दहा ॲपच्या खिशात. प्रत्येक मॅचला हेच!

जून २०२४ पासून तिथे ऑनलाइन बेटिंगला क्रेडिट कार्ड चालत नाही. डेबिट कार्ड मात्र चालतं. आणि त्यात काय असतं? बाबांनी घर तारण ठेवून काढलेलं एज्युकेशन लोन.

हात थांबतच नसेल, तर सरकारच्या ‘बेटस्टॉप’वर नाव नोंदवा. फुकट आहे. मग कोणतंही परवानाधारक ॲप किमान तीन महिने तुमची बेट घेऊ शकत नाही. लाजू नका. मॅच बघा, ओरडा, पण फीचे पैसे फीलाच जाऊ द्या.