बार्शी लाइटची वाघीण आणि पत्रा वाकवण्याचे साधन

तेलाच्या डब्याचा पत्रा पक्कडीने वाकवून पाहिला आहे का तुम्ही? नसेल तर आधी तेवढे करा. बोटाएवढी रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापा, आणि तिची एक कड सरळ काटकोनात उभी करण्याचा प्रयत्न करा. पक्कडीचा जबडा फार तर दोन सें.मी. रुंद असतो. त्यामुळे कड एका टोकापासून थोडी थोडी वाकवत न्यावी लागते. वाकलेला भाग शेजारच्या न वाकलेल्या भागाला आपल्याबरोबर ओढतो, आणि शेवटी कडेला लाटा येतात. मग आपण हातोडी घेतो, आणि पट्टी आणखी बिघडते.

संपूर्ण लांबीचा पत्रा एकाच वेळी, एकाच रेषेवर वाकला तर या लाटा येणार नाहीत. त्यासाठी एक साधन लागते. ते बाजारात विकत मिळते, पण दोन लोखंडी पट्ट्या आणि दोन बोल्ट यांतून ते घरी किंवा शाळेतही करता येते. पण साधन कशासाठी करायचे हे ठरलेले असले म्हणजे त्याची मापेही ठरतात. आपण ते एका वाघिणीसाठी करू. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, आणि ही वाघीण बार्शी लाइट रेल्वेची आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या तुमच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी या गाडीने प्रवास केला असेल. कुर्डुवाडी ते बार्शी ही लहान रुळांची गाडी १८९७ साली सुरू झाली. पुढे ती बालाघाटाचा चढ चढून येडशीवरून तडवळ्याला १९०७ साली आणि लातूरला १९११ साली पोचली. त्या वेळी हा भाग निजामाच्या राज्यात होता. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मि.मी. होते. धाराशिव शहराला मात्र या गाडीने टाळले होते. शहरवासीयांना गाडी पकडायला येडशी गाठावी लागे. रूळ रुंद करण्याचे काम झाले तेव्हा नवा मार्ग धाराशिवमधून काढला गेला. २००७ साली लातूर ते धाराशिव आणि २००८ साली पुढे कुर्डुवाडीपर्यंत मोठी गाडी धावू लागली. बार्शी लाइटच्या वाघिणी त्यानंतर या जिल्ह्यात पाहायला मिळत नाहीत. प्रतिकृती करावी अशी वस्तू ती हीच.

या रेल्वेचा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप (१८५७–१९२७). पुढे विमानातून उडी मारण्याची हवाई छत्रीही त्याने तयार केली, पण तो वेगळा विषय. बार्शीसाठी त्याने एक नियम घालून घेतला: इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. त्यामुळे दर मीटरला सुमारे १५ किलो वजनाचे हलके रूळ चालले. (आजच्या मोठ्या मार्गावर दर मीटरला ६० किलोचे रूळ घालतात.) आता हिशेब करा. वाघिणीला चार आस, म्हणजे वाघीण आणि माल मिळून २० टन. वाघीण स्वतःच १० टनांची असली तर माल १० टनच न्यायचा. वाघिणीचे वजन जेवढे कमी होईल तेवढी कापसाची आणि धान्याची पोती जास्त. स्वस्त रुळांवर रेल्वे फायद्यात चालेल की नाही, हे वाघिणीच्या सांगाड्यावर ठरणार होते.

कॅल्थ्रॉपने हे सांगाडे इंग्लंडमधल्या लीड्स फोर्ज या कारखान्याकडून करून घेतले. तिथे जाड, भरीव तुळया जोडण्याऐवजी पोलादी पत्रा प्रचंड दाबयंत्राखाली दाबून त्याच्या कडा वाकवत. मालाच्या सगळ्या वाघिणींना एकच सांगाडा होता, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. या कारखान्याचा संस्थापक सॅमसन फॉक्स याने त्याआधी १८७७ साली बॉयलरच्या आतल्या नळ्या पन्हळी करण्याचे पेटंट घेतले होते. तुमच्या गावात घरांवर घातलेले पत्रे पन्हळी का असतात? सपाट पत्रा घातला तर तो मध्ये झोळीसारखा लोंबेल. त्याला वळ्या पाडल्या की तोच पत्रा माणसाचा भार सोसतो. फॉक्सची नळी, कॅल्थ्रॉपची वाघीण आणि घरावरचे छप्पर या तिन्हींत युक्ती एकच आहे.

ती किती प्रभावी आहे ते मोजून पाहू. डब्याच्या पत्र्याची जाडी साधारण ०.३ मि.मी. असते. १२ मि.मी. रुंदीची सपाट पट्टी १४ सें.मी. अंतरावर ठेवलेल्या दोन पुस्तकांवर आडवी ठेवा आणि मधोमध ५० ग्रॅमचे वजन ठेवा. पट्टी मध्ये सुमारे ५ मि.मी. खाली जाईल. आता तशाच पट्टीच्या दोन्ही कडा ३-३ मि.मी. वर वाकवा. मध्ये ६ मि.मी.ची पाठ आणि दोन बाजूंना दोन भिंती, असे पन्हळ तयार होईल. त्याला कारखान्यात चॅनेल म्हणतात. पुन्हा तेच वजन ठेवा. या वेळी पट्टी वाकलेली डोळ्यांना दिसणार नाही. धातू तेवढाच, वजन तेवढेच, पण ताठपणा सुमारे १२५ पट झाला. हेच चॅनेल पाठ उभी राहील असे कुशीवर धरले तर हिशेबाने ताठपणा ८०० पटींच्या घरात जातो.

असे का व्हावे? वजनाखाली पट्टी वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधल्या एका थराला ना ताण, ना दाब. या मधल्या थरापासून धातू जितका दूर, तितका तो वाकण्याला जास्त विरोध करतो. अंतर दुप्पट झाले तर विरोध चौपट होतो. सपाट पट्टीत सगळा धातू मधल्या थरापासून ०.१५ मि.मी.च्या आतच कोंबलेला असतो. कडा वाकवून आपण तो धातू फक्त दूर नेऊन ठेवला.

आता साधनाकडे वळू. २२० मि.मी. लांब, ५० मि.मी. रुंद आणि ६ मि.मी. जाड अशी एक लोखंडी पट्टी घ्या. ही तळपट्टी. तेवढीच लांब व जाड, पण ४० मि.मी. रुंद अशी दुसरी घ्या. ही दाबपट्टी. वेल्डिंगच्या दुकानात असे तुकडे भंगाराच्या भावाने मिळतात. दोन्हींच्या मागच्या कडा जुळवून एकावर एक ठेवा. मागच्या कडेपासून २० मि.मी. आणि दोन्ही टोकांपासून २०-२० मि.मी. अंतरावर दोन भोके एकदमच पाडून घ्या. वेगवेगळी पाडलीत तर ती जुळणार नाहीत. त्यांत ६ मि.मी.चे बोल्ट खालून वर घाला, आणि वर हाताने फिरवता येणारे, पंखांचे नट लावा. तळपट्टी एका जाड फळीवर बसवा. बोल्टची डोकी बसण्यासाठी फळीत खळगे कोरावे लागतील. दाबपट्टीच्या पुढे तळपट्टीचा १० मि.मी. भाग उघडा राहील. पत्र्याची वाकायची कड त्यावर टेकणार आहे.

सगळे कौशल्य दाबपट्टीच्या पुढच्या कडेत आहे. ती कड वरून मागे उतरती, ४५ अंशांत घासून घ्यायची. म्हणजे खालचा कोपरा पुढे आलेला आणि धारदार राहील. बरेचसे काम दुकानातल्या ग्राइंडरवर करून घ्या, पण शेवटचा हात कानशीचाच हवा. कड सरळ झाली का ते पाहायला तिच्यावर स्टीलची मापपट्टी उभी धरा आणि उजेडाकडे पाहा. मधून उजेड दिसला तर तिथे पत्रा सैल राहणार. इथे घाई करू नका. कड बिघडली तर तिच्यावर केलेली प्रत्येक वस्तू बिघडेल.

वापरायचे कसे? पत्रा दाबपट्टीखाली सरकवा, आखलेली रेषा बरोबर धारेखाली आणा, आणि पत्र्याच्याच जाडीचा एक तुकडा मागच्या बाजूला, बोल्टच्या पलीकडे ठेवा. हा मागचा तुकडा विसरू नका. तो नसेल तर नट आवळताना दाबपट्टी मागे कलते आणि पुढची पकड सुटते. नट आवळले की ३० सें.मी.ची स्टीलची मापपट्टी पुढच्या उघड्या कडेखाली सरकवा आणि दोन्ही हातांनी एका दमात वर उचला. संपूर्ण कड एकदम उभी राहील.

बरोबर ९० अंशांवर थांबून पट्टी बाहेर काढलीत, तर गुण्या लावल्यावर कोन ९२ किंवा ९३ अंशांचा भरेल. पत्रा थोडा परत उघडला. यात तुमची चूक नाही. पोलाद थोडेसे, म्हणजे हजार भागांत एखादा भाग ताणले तर सोडल्यावर मूळ लांबीवर येते. या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. त्यापुढे ताणले तर ते कायमचे लांबते. पण तेव्हाही तो पहिला, परत येणारा हिस्सा त्यात शिल्लक असतोच. सोडल्याबरोबर तो कड मागे ढकलतो. म्हणून दोन-तीन अंश जास्त वाकवायचे. दाबपट्टीची कड उतरती ठेवली ती यासाठीच. उभी कड ठेवली असती तर पत्रा ९० अंशांवर अडला असता.

चॅनेलला दोन भिंती लागतात, आणि दुसरी भिंत वाकवताना पहिली भिंत दाबपट्टीला आडवी येते. यावर उपाय म्हणजे ६ मि.मी.ची चौकोनी सळई. पहिली भिंत वाकवल्यावर पाठीवर, त्या भिंतीला चिकटून, सळई ठेवा, आणि दाबपट्टीने पत्र्याऐवजी सळई दाबा. मागे त्याच सळईचा दुसरा तुकडा ठेवा, खाली पत्र्याची पट्टी घालून. भिंत ३ मि.मी. उंच आणि सळई ६ मि.मी., त्यामुळे भिंत दाबपट्टीला लागत नाही. सळई दाबपट्टीच्या धारेपेक्षा अर्धा मि.मी. पुढे राहू द्या. तिच्या दोन्ही बाजू वरच्या अंगाला किंचित आत उतरत्या घासल्या, तर दुसरी भिंतही दोन-तीन अंश जास्त वाकवता येते. काम झाले की सळई लांबीच्या दिशेने सरकवून काढायची.

पट्टी किती रुंद कापायची? आतली मापे ३, ६ आणि ३ मि.मी.; बेरीज १२. पण प्रत्येक वळणात थोडा धातू लागतो. वळण धारदार असेल तर दर वळणाला पत्र्याच्या जाडीच्या निम्मे धरा. इथे दोन वळणांचे ०.३, म्हणून पट्टी १२.३ मि.मी. रुंद. मॉडेल करणारी बहुतेक मुले हा ०.३ सोडून देतात, आणि मग एक भिंत आखूड का पडली याचे नवल करतात.

वाकवायच्या रेषा अणकुचीदार खिळ्याने हलक्या हाताने आखा, आणि त्याही कोनाच्या आतल्या बाजूला. बाहेरच्या बाजूला ओरखडा असेल तर वाकताना ताण तिथेच एकवटतो आणि पत्रा चिरतो. बाहेरचा थर किती ताणला जातो ते पाहा: वळणाची आतली त्रिज्या पत्र्याच्या जाडीइतकी असेल, तरी बाहेरचा थर मधल्या थरापेक्षा एक तृतीयांशाने लांबतो. मऊ पोलाद हे सोसते. पितळी पत्रा वापरणार असाल तर तो दोन-तीनदा वाकवल्यावर कडक होऊन तुटू लागतो. तांबट भांडे ठोकता ठोकता मध्येच पुन्हा भट्टीत का घालतो ते आता लक्षात आले असेल. पितळ मंद लाल होईपर्यंत तापवून निववले की पुन्हा मऊ होते. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. डब्याचा पत्रा कापतानाही जाड कापडाचे हातमोजे घाला. त्याची कड ब्लेडसारखी असते.

आता वाघीण. प्रमाण १:५० घेऊ. २५ फूट म्हणजे ७६२० मि.मी.; पन्नासाने भागून १५२.४ मि.मी. लांबी. रुंदी ४२.७ मि.मी. रुळांमधले अंतर १५.२४ मि.मी., म्हणजे वाघिणीची लांबी रुळांच्या अंतराच्या बरोबर दहापट येते. जाडी मात्र प्रमाणात आणता येणार नाही. आपला ०.३ मि.मी.चा पत्रा पन्नासपट केला तर १५ मि.मी. जाड होईल, आणि तेवढा जाड पत्रा कॅल्थ्रॉपला परवडला नसता. भिंतीची उंचीही आपण साधनाच्या सोयीने ठरवली आहे. प्रदर्शनात प्रतिकृती मांडाल तेव्हा शेजारच्या कागदावर हे लिहून ठेवा.

लांब चॅनेल दोन करा आणि पाठी बाहेरच्या बाजूला ठेवून समांतर मांडा. आडवी चॅनेल पाच करा, प्रत्येकी ४२.१ मि.मी. लांब; दोन टोकांना आणि तीन मध्ये. ती लांब चॅनेलच्या भिंतींच्या आत बसायची असल्याने त्यांची बाहेरची उंची ६ मि.मी. हवी. तेव्हा त्यांच्यासाठी सळईचा एक तुकडा ५.४ मि.मी.पर्यंत घासून वेगळा ठेवा. पट्टीची रुंदीही त्या मानाने ११.७ मि.मी. घ्या.

डब्याच्या पत्र्यावर कथलाचा थर असतो, त्यामुळे डाख चटकन धरतो. आधी चार कोपऱ्यांना फक्त एकेक थेंब लावा आणि सांगाडा चौरंगासारखा काटकोनात आहे का ते कर्ण मोजून पाहा. लांबी १५२.४ आणि रुंदी ४२.७, तर पायथागोरसच्या सिद्धान्ताने कर्ण १५८.३ मि.मी. यायला हवा. एक कर्ण मोठा आणि दुसरा लहान भरला तर सांगाडा तिरका आहे; मोठ्या कर्णाची टोके बोटांनी हलकेच जवळ दाबा आणि पुन्हा मोजा. दोन्ही सारखे भरले की मगच मधल्या चॅनेलना डाख लावायला घ्या.